चुकीचा सल्लाही जपून ठेवावा लागतो

विमानमालकांच्या मंडळांची जुनी वार्तापत्रे सर्वांसाठी खुली करावीत का, हा विषय निघाला की एक हरकत हमखास येते. त्यातला बराच सल्ला आता चुकीचा ठरला आहे. तो वाचून कुणी पाना चालवला आणि विमान पडले, तर जबाबदार कोण? हरकत खोटी नाही. पण तिच्यावरून जो निष्कर्ष काढला जातो, की गठ्ठे कपाटात ठेवा किंवा निवडून निवडून चांगले लेख तेवढे बाहेर द्या, तो मात्र उलटा आहे. आमचे म्हणणे असे: अंक पूर्ण द्यावेत, न गाळता, न सुधारता, फुकट, आणि कोणता सल्ला पुढे कुणी, केव्हा, कशाने रद्द केला याची नोंद त्याला जोडून द्यावी. हे दुसरे काम पहिल्यापेक्षा किती तरी किचकट आहे. ते नको म्हणून पहिलेही टाळले जाते आणि त्याला सुरक्षिततेचे नाव दिले जाते.

मुळात ही वार्तापत्रे निघाली कशासाठी? दोन-चार आसनांचे, पिस्टन इंजिनाचे विमान नीट राखले तर साठ-सत्तर वर्षे उडते. ते बनवणारी कंपनी तितकी टिकेलच असे नाही. कंपनी बंद पडते किंवा विकली जाते, पार्ट्स कॅटलॉग छापायचे थांबतात, आणि एकाच मॉडेलचे काही शे मालक अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियात विखुरलेले राहतात. मग त्यांच्यातलाच कुणी तरी टाइपरायटरवर स्टेन्सिल कापतो, सायक्लोस्टाइलवर आठ पाने काढतो आणि पोस्टाने धाडतो. कुणाच्या शेपटीचे चाक उतरताना थडथडते, कुणाच्या टाकीच्या कोपऱ्यात पाणी साचते, कुठला भाग कुठल्या दुसऱ्या विमानाचा चालतो, असे सगळे त्यात असते. भाषा ओबडधोबड, चित्रे हाताने काढलेली. पण मॅन्युअलमध्ये यंत्र कसे असावे ते लिहिलेले असते. वीस वर्षांनी ते कसे झाले, हे या पानांतच सापडते.

हे आम्ही कोल्हापुरात बसून लिहितो; कोल्हापूरचा याच्याशी काय संबंध, असे कुणी विचारेल. उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ सालचा आहे, एवढेच उत्तर पुरेसे नाही. जास्त जवळचे उत्तर गडहिंग्लज तालुक्यातल्या हसूरचंपूत आहे. डॉ. विष्णू माधव घाटगे मूळचे तिथले. जर्मनीत गॉटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली आणि पुढे हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये एचटी-२, पुष्पक, कृषक या विमानांच्या रचनेचे नेतृत्व केले. पुष्पक १९५८ मध्ये पहिल्यांदा उडाले. दोन आसने, वर बसवलेले पंख, कापडी आच्छादन, ९० अश्वशक्तीचे काँटिनेंटल इंजिन. घडण अमेरिकेच्या एरोंका चीफशी बरीच मिळतीजुळती. देशातल्या फ्लाइंग क्लबांसाठी अशी दीडशेच्या आसपास विमाने बनली. चीफ विमानाच्या मालकांनी तिकडे त्या घराण्याच्या इंजिनाबद्दल, कापडाबद्दल जे लिहून ठेवले, ते पुष्पकवर हात काळे केलेल्या माणसाला वाचताक्षणी कळते. आपल्याकडे त्या माणसांचे लिहिलेले किती उरले आहे? बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा याच गावात घडवला आणि त्या काळी काढलेले बहुतेक चित्रपट आज बघायला मिळत नाहीत, ही गोष्ट आपण अभिमान आणि हळहळ एकत्र कालवून सांगत असतो. उद्यमनगरातल्या कारखान्यांतही तेच. मिस्त्री जातो तेव्हा ओतकामाचा लाकडी पॅटर्न मागे राहतो. त्यावर एका बाजूला तीन मिलिमीटर जास्त का ठेवले होते, ते कारण त्याच्याबरोबर जाते.

आता चुकीच्या सल्ल्याचा मुद्दा. पायपर कंपनीच्या जुन्या, वर पंख असलेल्या विमानांत पंखाला खालून आधार देणारा नळीसारखा स्ट्रट असतो. तो आतून गंजतो आणि बाहेरचा रंग शाबूत राहतो. नळीत जवसाचे तेल ओतून, फिरवून, निथळून टाकायचे, हा जुना आणि तसा शहाणपणाचाच उपाय. पण अमेरिकेच्या विमान प्रशासनाने १९९३ मध्ये या स्ट्रटसाठी सक्तीचा निर्देश काढला, तो १९९९ मध्ये बदलला, २०१५ मध्ये पुन्हा बदलला. त्यानुसार स्ट्रटची दर २४ महिन्यांनी ठरावीक पद्धतीने तपासणी करायची किंवा कायमचे सीलबंद केलेले नवे स्ट्रट बसवायचे. म्हणजे १९८० च्या दशकातल्या एखाद्या अंकात 'तेल फिरवा आणि निश्चिंत राहा' असे छापलेले असेल, तर ते आज अपुरे आहे. मग ते पान काढून टाकावे का? काढले तर विमान विकत घेणाऱ्याला हे कधीच कळणार नाही की आधीच्या मालकाने 'स्ट्रट ट्रीट केले' असे लॉगबुकात लिहिले तेव्हा त्याच्या डोक्यात काय होते. शिवाय निर्देश येण्याआधीची मालकांची पत्रे हाच तर दोषाचा पुरावा असतो: एकाच जागी, एकाच प्रकारचा गंज, चार वेगवेगळ्या गावांत. चांगले तेवढे निवडणारा संपादक नेमकी ही पत्रे गाळतो, कारण ती तक्रारीची आणि रटाळ असतात.

उलट बाजूचे उदाहरण अमेरिकन विमानरचनाकार बर्ट रुटान यांच्या कंपनीचे. व्हॅरीईझी आणि लाँगईझी ही घरी बांधायची विमाने. कंपनी नकाशे विकायची, विमान नाही. नकाशातल्या चुका आणि बदल त्यांच्या 'कॅनार्ड पुशर' या वार्तापत्रातून कळवले जात. प्रत्येक बदलाला दर्जा असे: हा केल्याशिवाय उडू नका; हा इतक्या तासांच्या आत करा; हा केला तर बरा; हा ऐच्छिक; ही नुसती छपाईची चूक. १९८५ मध्ये नकाशांची विक्री थांबली, पण बांधलेली विमाने हस्तांतरित होत आजही उडतात. अशा विमानाच्या नव्या मालकाकडे नकाशे आहेत आणि वार्तापत्रे नाहीत, तर त्याच्याकडे चुकांसकट नकाशे आहेत. इथे वार्तापत्र म्हणजे आठवणींचा अल्बम राहत नाही, ते शुद्धिपत्र होते. ते कुणाच्या माळ्यावर पडून राहणे हाच धोका आहे.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायला हवी. वार्तापत्र ही मंजूर देखभाल माहिती नव्हे, कधीच नव्हती. भारतात नोंदलेल्या विमानावर काम करायचे ते निर्मात्याच्या मॅन्युअलप्रमाणे, लागू असलेल्या सक्तीच्या निर्देशांप्रमाणे, डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमांत राहून, आणि सही लायसन्सधारक इंजिनिअरची. वार्तापत्र फक्त कुठे बघायचे ते सांगते. त्यामुळे प्रत्येक अंकाच्या फाइलीला पुढे एक वेगळे पान जोडावे: अंकाची तारीख, कोणत्या मॉडेलला आणि कोणत्या अनुक्रमांकांच्या विमानांना लागू, 'मंजूर माहिती नाही' हे वाक्य, आणि खाली तक्ता. तक्त्यात पाच रकाने पुरतात: पान, विषय, पुढे कोणत्या अंकात दुरुस्त झाले, त्यावर कोणता निर्देश किंवा निर्मात्याचे सूचनापत्र (सर्व्हिस बुलेटिन) आले, आणि ही नोंद शेवटची कधी तपासली. शेवटचा रकाना नसेल तर बाकीचे चार दोन वर्षांत शिळे होतात. मूळ पानावर मात्र काही लिहू नये, लाल शिक्काही मारू नये. शिक्क्याखाली नेमका आकडा जातो.

आणि या पानांत सगळा जीव आकड्यांत असतो. एएन४ हा पाव इंची विमानी बोल्ट. त्याच्या नटाला सर्वसाधारण टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, ५० ते ७० इंच-पौंड. त्याच अंकात पुढच्या पानावर लायकमिंग इंजिनाच्या स्पार्क प्लगचा टॉर्क ३० ते ३५ फूट-पौंड असा दिलेला असतो. स्कॅनवरून मजकूर ओळखणारे सॉफ्टवेअर सायक्लोस्टाइलची पसरलेली शाई वाचताना इंच आणि फूट यांच्या इंग्रजी संक्षेपांत गफलत करू शकते, आणि ती गफलत बारा पटींची असते. पाव इंची बोल्टला ६० फूट-पौंड लावले तर तो तुटूनच हातात येईल. १ आणि इंग्रजी एल, शून्य आणि ओ, ५/१६ मधली तिरकी रेघ, पार्ट नंबरातला डॅश, ही नेहमीची घसरायची ठिकाणे. म्हणून ओळखलेला मजकूर फक्त शोधण्यासाठी वापरावा. वाचायचे ते पानाचे चित्रच. तक्ते आणि टॉर्कचे आकडे दोन माणसांनी ताडून बघावेत, एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवायचे. बँकेतल्या जुन्या कारकुनांची पद्धत, पण तिला पर्याय नाही.

चित्रावर तरी डोळे झाकून विश्वास ठेवावा का? २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले की झेरॉक्सच्या काही यंत्रांवर स्कॅन केल्यावर कागदावरचे ६ फाइलीत ८ होत होते. कारण जेबिग२ ही दाबपद्धत: फाइल लहान करण्यासाठी ती दिसायला सारखी अक्षरे एकच मानते आणि एकाच्या जागी दुसरे चिकटवते. अक्षर पुसट आले तर माणूस सावध होतो. इथे अक्षर स्वच्छ असते आणि चूक असते. तेव्हा स्कॅनची मूळ प्रत टिफ या चित्रफाइलीत ठेवावी, न दाबता किंवा काहीही न गमावणाऱ्या पद्धतीने दाबून. वाटपाची प्रत पीडीएफ करताना सेटिंगमध्ये जेबिग२ बंद आहे ना, ते बघून घ्यावे.

मजकुराला ४०० डीपीआय (इंचाला ४०० ठिपके) पुरे, बारीक रेघांच्या आकृत्यांना आणि छापील फोटोंना ६००. पान काळे-पांढरे असले तरी स्कॅन रंगीत करावे, कारण समासात कुणी तरी निळ्या पेनने 'हे अमुक नंबरानंतरच्या विमानाला बसत नाही' असे लिहिलेले असते आणि कधी कधी सगळ्या पानात तेवढेच मोलाचे असते. याच कारणाने एकाच अंकाच्या दोन प्रती मिळाल्या तर एक टाकून देऊ नये. छापील फोटोंवर जाळी उमटते ती घालवण्याची सोय स्कॅनरमध्ये असते. ती वाटपाच्या प्रतीसाठी वापरा, मूळ प्रतीसाठी नको. ए४ एवढे रंगीत पान ४०० डीपीआयला न दाबता सुमारे ४६ एमबी होते. महिन्याला ८ पाने, अशी वीस वर्षे म्हणजे १,९२० पाने, सुमारे ९० जीबी. आजच्या हिशेबाने हे काहीच नाही. फ्लॅटबेडवर सावकाश काम केले तरी तासाला साठेक पाने होतात, म्हणजे बत्तीस तास. रविवारी चार तास धरले तर आठ रविवार. 'एवढे कोण करणार' या प्रश्नाचे उत्तर एवढेसेच आहे.

अमेरिकन कागदाचा घोळ मात्र हमखास होतो. तिकडचे पान २१६ बाय २७९ मिलिमीटरचे, आपले ए४ २१० बाय २९७. स्कॅनर ए४ वर ठेवला तर कडेची सहा मिलिमीटर पट्टी कापली जाते आणि समासातली नोंद तिच्यातच असते. काचेचा पूर्ण आकार निवडावा. त्याहून वाईट प्रकार पुढे छापताना होतो. 'पानात बसवा' हा पर्याय चालू राहिला की चित्र ९७ टक्क्यांवर किंवा त्याहून खाली येते. फाउंड्रीवाल्याला हे लगेच समजेल: बिडाचा पॅटर्न करताना आपण आटण्यासाठी साधारण एक टक्का वाढवून धरतो, आणि इथे कागद कुणालाही न सांगता जवळजवळ तीन टक्के आटलेला असतो. पंखाच्या बरगडीच्या गसेटचा (सांध्याला आधार देणाऱ्या पट्टीचा) साचा अशा छापील पानावरून कापला तर १०० मिलिमीटरवरचे भोक ९७ वर पडते. म्हणून आकृतीच्या पानाशेजारी स्टीलची पट्टी ठेवून ती स्कॅनमध्ये येऊ द्यावी. छापल्यावर पट्टी पट्टीशी जुळवून बघता येते.

कागदाकडे वळू. आधी काय स्कॅन करायचे, हे कागद ठरवतो. फॅक्सचा चकचकीत थर्मल कागद उन्हाळ्यात माळ्यावर काळवंडतो किंवा कोरा होतो. तो सर्वांत आधी. मग जांभळ्या अक्षरांच्या स्पिरिट डुप्लिकेटरच्या प्रती, त्या उजेडाने उडतात. मग तपकिरी पडून तुटायला लागलेला वृत्तपत्री कागद. सायक्लोस्टाइलची शाई तेलकट असते, ती बऱ्यापैकी टिकते, थांबू शकते. गंजलेल्या पिना ओढून काढू नयेत. मागचे दोन पाय बोथट सुरीने सरळ करून पुढून उचलाव्यात. सेलोटेप सोलायच्या भानगडीत पडू नये. लॅमिनेशन तर नकोच: कागदाची ती कायमची शिक्षा आहे. पीव्हीसीच्या पारदर्शक पिशवीलाही शाई चिकटते, साधे आम्लरहित कागदी पाकीट बरे.

कोल्हापुरात खरा शत्रू दमट हवा. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला आमंत्रण, आणि आपला पावसाळा त्याच्या बराच वर असतो. स्कॅनिंगचे काम डिसेंबर ते मे या काळात उरकावे; जुलैत दमट पाने काचेवर चिकटतात आणि लहरी दिसतात. लोखंडी कपाट भिंतीपासून अर्धा फूट पुढे, तळाचा खण रिकामा. डांबराच्या गोळ्या किडीसाठी असतात, बुरशीला त्यांचे काही वाटत नाही. राहिला पूर. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, हे आकडे इथे शाळकरी पोरांनाही पाठ आहेत, आणि २०१९ व २०२१ मध्ये पाणी कुठवर आले तेही. तरीही लोक खोकी तळमजल्यावर ठेवतात, याला काय म्हणावे! भिजलेला गठ्ठा उन्हात पसरू नये आणि पाने सोलू नयेत. ४८ तासांत बुरशी धरते. तेवढ्यात वाळवणे जमणार नसेल तर गठ्ठा प्लास्टिकमध्ये गुंडाळून उणे १८ अंशांवर गोठवावा. आइस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीझर चालतो. मग सवडीने थोडा थोडा काढून टीपकागदात वाळवता येतो. गुळगुळीत आर्ट पेपर एकदा चिकटून वाळला की त्याची वीट होते, म्हणून तो आधी गोठवावा.

कॉपीराइटच्या हक्कांबाबत लोक उगाच घाबरतात, किंवा उगाच घाबरत नाहीत. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, आणि लेखकाचे नाव नसलेल्या मजकुराला प्रकाशनापासून ६० वर्षे हक्क असतो. अमेरिकेत १९७७ अखेरपर्यंत हक्कसूचना न छापता प्रसिद्ध झालेला मजकूर तिथे सामान्यतः खुला धरला जातो, आणि घरगुती वार्तापत्रांवर अशी सूचना पुष्कळदा नसे. मंडळ हयात असेल तर सरळ लेखी परवानगी मागावी. आपल्या कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला, स्वतःकडे छापील प्रत असेल तर, जतनासाठी ती डिजिटल करून ठेवण्याची मुभा दिली आहे. जतनासाठी, वाटपासाठी नव्हे, हा फरक विसरू नये. पण तेवढ्या मुभेवरही परवानगीची वाट न पाहता स्कॅनिंग सुरू करता येते. त्यासाठी अंक खासगी कपाटातून ग्रंथालयाच्या मालकीत जायला हवेत. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आणि शिवाजी विद्यापीठाचे ग्रंथालय आपल्या दारात आहे; यंत्रांच्या मालकांची कागदपत्रे हीही ग्रंथसंपदा आहे, हे त्यांना पटवण्याचे काम आपले.

न गाळण्याला अपवाद एकच: सभासदांचे पत्ते, फोन, अपघातग्रस्त वैमानिकाच्या घरच्यांची नावे यांवर वाटपाच्या प्रतीत पट्टी मारावी. मूळ प्रतीत नको. पट्टी मारताना एवढे बघावे की पीडीएफवर नुसता काळा चौकोन काढला तर खालचा मजकूर तसाच राहतो आणि निवडून कॉपी करता येतो. चित्रातच पट्टी मारून मग फाइल नव्याने बनवावी.

शेवटची आणि सर्वांत हट्टी हरकत मंडळांचीच: अंक फुकट दिले तर सभासद वर्गणी कशाला भरतील? ज्या मंडळाकडे द्यायला फक्त जुने अंकच उरले आहेत त्याची वर्गणी तशीही आटत जाणार. वर्गणी घ्यावी ती आजच्या कामाची: भाड्याने मिळणारी खास हत्यारे, विमान घेण्याआधी बघून देणारा जाणकार, फोन उचलणारा माणूस. चाळीस वर्षांपूर्वी ज्यांनी स्वतःचे तिकीट लावून पत्रे पाठवली, त्यांना ती पत्रे पुढे कुलपात विकली जातील हे कुणी विचारले नव्हते. तडजोड करायचीच तर गेल्या पाच वर्षांचे अंक सभासदांपुरते ठेवावेत आणि त्याआधीचे सगळे खुले. पण सुरक्षेशी संबंधित पान असेल तर ते त्याच दिवशी सर्वांना.

आणि संच पूर्ण होण्याची वाट बघू नये. पूर्ण संच कुणाकडेच नसतो. फाइलींना वर्ष, महिना, अंक, पान अशा क्रमाने शून्यासकट नावे द्यावीत, म्हणजे यादीत भोके आपोआप दिसतात. सतरावा अंक नसेल तर यादीत १७ ची जागा रिकामी ठेवून अठरावा चढवावा. ज्याच्या माळ्यावर सतरावा आहे, त्याला ती रिकामी जागा दिसल्याशिवाय तो शिडी लावत नाही.